कारखान्याच्या वीज-गॅसचं काँट्रॅक्ट रिन्यू करताय? आधी हे बघा

आधी मागच्या 12 महिन्यांची बिलं काढा, आणि नुसता युनिटचा रेट बघू नका, खरा खड्डा डिमांड चार्जमध्ये असतो, म्हणजे सगळ्या मोटरी एकदम चालू केल्या की तेवढ्या वेळाचा पीक (सगळ्यात जास्त लोड) धरून महिन्याचा चार्ज लागतो, म्हणून मशिनी थोड्या थोड्या वेळाने सुरू करा. पॉवर फॅक्टरही बघा, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी (केव्हीए) किती खरोखर कामाला लागते (किलोवॅट) ते. 400 किलोवॅट लोडला 0.8 वर 500 केव्हीए लागतात, 0.95 वर साधारण 421, म्हणजे डिमांडही कमी; पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर बसवले की झालं. गॅसमध्ये 'टेक ऑर पे' नीट वाचा, कमी वापरला तरी ठरलेल्या किमान कोट्याचे पैसे द्यावेच लागतात (इथेच बरेच जण फसतात). काँट्रॅक्ट बंद करायच्या नोटीसची शेवटची तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, नाहीतर काही काँट्रॅक्ट आपोआप वाढतात, तेही महाग रेटने.