सिनेमाची कल्पना सुचली? लपवू नका, लिहून काढा

‘कल्पना कुणाला सांगू नका, चोरतील’ या सल्ल्यापायी कितीतरी कथा मनातच राहून जातात. नुसत्या कल्पनेवर कायदा कुणालाच हक्क देत नाही. कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या मांडणीला. सर्वोच्च न्यायालयानं आर. जी. आनंद खटल्यात 1978 सालीच हे स्पष्ट केलंय.

बहुतेक जण अडतात ते या मांडणीपाशी. ‘खाजनातल्या मानशीच्या पावणीवर सिनेमा’, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत पाण्याच्या दारापाशी मासे धरण्याच्या हक्काच्या लिलावावर सिनेमा, हा झाला विषय. पावणी कोण घेतो, पैसा कुठून उभा करतो, बांध फुटून ज्याचं शेत खाऱ्या पाण्यात जातं तो त्याचा कोण लागतो, हे ठरलं की कथा सुरू होते. आधी दोनच वाक्यं लिहा: कुणाला काय हवंय, आड कोण येतंय, हुकलं तर काय जाईल. तेवढ्यात बसत नसेल तर संवादांना हात लावू नका. नाहीतर पटकथा मध्यावर अडकणारच. मग दहा-बारा पानांत प्रसंग क्रमानं लिहा, शेवटासकट. उद्या वाद झालाच तर विषय एक असल्यानं काही सिद्ध होत नाही. पात्रांची नाती, प्रसंगांचा क्रम, वळणं हीच ताडून पाहतात. मोघम लिहिलंत तर दाखवायला हातात काही उरत नाही.

यानंतर पटकथा. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट.

आता नोंदणी. कॉपीराइट लिहिताक्षणीच तुमचा असतो, पण नोंदणी पुरावा म्हणून कामी येते. कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज, साहित्यकृतीसाठी 500 रुपये. डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळाल्यावर हरकतींसाठी 30 दिवस थांबायचं. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्यत्व घेऊन तिथंही नोंद करता येते. तारखेचा पुरावा म्हणून स्वतःलाच पोस्टानं पाकीट पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. त्यानं नोंदणीची जागा भरत नाही.

नोव्हेंबरात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या वेळी पणजीत फिल्म बाजार (आता ‘वेव्हज फिल्म बाजार’) भरतो. तिथं निर्माते भेटतात, त्यांना जरूर ऐकवा. मात्र त्याच संध्याकाळी ईमेल करा: कोणती कथा, कितवा खर्डा, किती पानं दिली. सोबत पीडीएफ जोडा.

सही करण्याआधी करारात मुदत आणि प्रदेश शोधा. हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. ‘कायमचे, जगभर’ असं छापलेलं असेल तर ते खोडून मुदत घालून घ्या, मगच पेन उचला.