ग्रोमॅक्स कंटेनरमध्ये बांधून क्लाउडवरच्या क्लस्टरवर कसे चालवावे

एका मशीनवर कंटेनर (सॉफ्टवेअर आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी यांचा बंदिस्त डबा) चालतो हो. पंचाईत होते ती एकच जॉब दोन मशीनवर पसरला की. प्रोसेसर, नेटवर्क कार्ड आणि जॉब सोडणारा स्लर्म, तिन्ही कंटेनरच्या बाहेर असतात आणि आतले सॉफ्टवेअर तिघांशी जुळावे लागते. इथे उदाहरण घेतले आहे ते रेणूंचे सिम्युलेशन करणाऱ्या ग्रोमॅक्सचे, ॲमेझॉनच्या क्लाउडवर पॅरलल-क्लस्टर या साधनाने उभारलेल्या क्लस्टरवर.

१. क्लस्टर
एचपीसी६ए जातीची दोन मशीन घ्या: प्रत्येकी ९६ कोअर, ३८४ जीबी मेमरी, १०० गिगाबिटचे ईएफए (ॲमेझॉनचे वेगवान नेटवर्क) कार्ड. ही मशीन सगळ्या रीजनमध्ये मिळत नाहीत आणि कोटाही आधी वाढवून घ्यावा लागू शकतो. कॉन्फिग फाइलमध्ये ईएफए आणि प्लेसमेंट ग्रुप (मशीन एकमेकांजवळ ठेवणारी सोय) दोन्ही चालू करा. सिक्युरिटी ग्रुप (नेटवर्कवर काय ये-जा करू शकते ते ठरवणारे नियम) स्वतःचा वापरत असाल, तर त्याला स्वतःकडून येणारी आणि स्वतःकडे जाणारी, दोन्ही वाहतूक खुली हवी. जाणारीचा नियम बहुतेक जण विसरतात.

२. इमेज
इमेजची (कंटेनरच्या साच्याची) बांधणी डॉकरमध्येच करा. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर बांधत असाल तर प्लॅटफॉर्म ‘लिनक्स/एएमडी६४’ असा स्पष्ट द्या. बेस इमेजला ‘लेटेस्ट’ टॅग लावू नका. सहा महिन्यांनी तीच इमेज पुन्हा बनणार नाही.

ग्रोमॅक्स ज्या मशीनवर कंपाइल होतो, त्याच मशीनच्या प्रोसेसरसाठी स्वतःला घडवून घेतो. एव्हीएक्स-५१२ (प्रोसेसरच्या खास सूचनांचा संच) असलेल्या मशीनवर बांधलेला प्रोग्रॅम एचपीसी६एच्या एएमडी प्रोसेसरवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळतो. म्हणून सीमेकला (बांधणीची मांडणी करणाऱ्या साधनाला) एव्हीएक्स२-२५६ हाताने सांगा आणि एमपीआय (प्रोसेसना आपसांत बोलू देणारी पद्धत) चालू ठेवा. ओपन एमपीआय (एमपीआयची एक लायब्ररी) पीएमआयएक्सच्या (स्लर्म आणि एमपीआय यांना जोडणाऱ्या दुव्याच्या) आधारासह बांधलेला असावा. ईएफएचा इन्स्टॉलर इमेजमध्येही चालवा, पण ‘स्किप-केमॉड’ देऊन: कर्नल मॉड्यूल यजमान मशीनचे, कंटेनरला फक्त लायब्ररी लागतात.

३. सिफ फाइल
डॉकरचा डेमन रूट म्हणून चालतो, त्यामुळे सामायिक क्लस्टरवर तो सहसा नको असतो. तिथे ॲपटेनर हा कंटेनर चालवणारा दुसरा प्रोग्रॅम वापरतात (२०२१ पर्यंत याच प्रकल्पाचे नाव सिंग्युलॅरिटी होते). तो अख्खी इमेज एका सिफ फाइलमध्ये बांधतो. रूपांतर करताना टेम्प डिरेक्टरी मोठ्या डिस्ककडे वळवा, नाहीतर जागा संपून काम मध्येच थांबते. तयार सिफ लस्टर स्टोरेजवर (सगळ्या मशीनना दिसणाऱ्या सामायिक डिस्कवर) ठेवा.

४. जॉब
क्रम महत्त्वाचा: बाहेर ‘एसरन’ (स्लर्मची प्रोसेस सुरू करणारी आज्ञा), त्याला एमपीआयचा प्रकार पीएमआयएक्स, त्याच्या आत ‘ॲपटेनर एक्झेक’, आणि शेवटी ग्रोमॅक्स. लस्टरची डिरेक्टरी ‘बाइंड’ने आत द्या. मेमलॉकची (मेमरीत पक्की धरून ठेवता येणाऱ्या जागेची) मर्यादा ‘अनलिमिटेड’ आहे ना, तेही पाहा. ‘क्लीन-एन्व्ह’ हा पर्याय कितीही स्वच्छ वाटला तरी इथे टाळा; स्लर्मने प्रत्येक प्रोसेसला दिलेली ओळख त्यात पुसली जाते.

ओळख पुसली किंवा एमपीआय जुळला नाही, तरी जॉब लगेच पडेलच असे नाही. १९२ प्रोसेस (२ मशीन × ९६ कोअर) एकमेकांना न ओळखता, १९२ वेळा तेच सिम्युलेशन सुरू करतात. डिरेक्टरीत ‘#एमडी.लॉग.१#’, ‘#एमडी.लॉग.२#’ अशी रांग लागली की समजून जा. ग्रोमॅक्स ९९ पर्यंत बॅकअप करतो, मग थांबतो.

५. तपासणी
पहिला जॉब पाच-दहा मिनिटांचाच सोडा. लॉगच्या सुरुवातीला एमपीआय प्रोसेसची संख्या १९२ दिसायला हवी, १ नव्हे. मग कंटेनरच्या आतून ‘एफआय-इन्फो’ (नेटवर्कचे उपलब्ध मार्ग दाखवणारी आज्ञा) चालवून ईएफए दिसते का पाहा. ते नसेल तर काम मुकाट्याने टीसीपीवर (नेहमीच्या, हळू नेटवर्क मार्गावर) जाऊ शकते: चूक कुठेच छापली जात नाही, फक्त वेग मार खातो. प्रोव्हायडर (वापरायचा नेटवर्क मार्ग) ईएफए असा बांधून टाकला, तर मुकाट हळू चालण्याऐवजी जॉब निदान ओरडून पडेल. तेवढेच मॉडेल एका मशीनवर चालवून ‘दिवसाला नॅनोसेकंद’ (एका दिवसात सिम्युलेशनमधला किती काळ पुढे सरकतो) हा आकडा ताडून पाहा. दोन मशीनवर तो वाढत नसेल, तर नेटवर्क तरी बिघडले आहे किंवा मॉडेलच इतके लहान आहे की १९२ कोअरना पुरेसे काम नाही.

रिकामी कॉम्प्युट मशीन पॅरलल-क्लस्टर साधारण १० मिनिटांनी आपोआप बंद करतो. हेड नोड (क्लस्टर सांभाळणारे मुख्य मशीन) आणि लस्टर स्टोरेजचे मीटर मात्र चालूच राहते, तेव्हा निकाल एस३मध्ये (ॲमेझॉनच्या फाइल साठवणुकीत) हलवून क्लस्टर डिलीट करा.