घर रिकामं आहे, हे थर्मोस्टॅटला ठाऊक असतं

स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे घराचं तापमान आपोआप राखणारं, इंटरनेटला जोडलेलं उपकरण, नुसतं तापमान मोजत नाही. तुम्ही कधी उठता, कधी बाहेर पडता, घर किती दिवस बंद होतं, याचाही अंदाज त्याच्या नोंदींवरून येतो. चोराला आणखी काय हवं? थर्मोस्टॅट राउटरच्या गेस्ट नेटवर्कवरच (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वाय-फायवर) जोडा. त्यात कोणी शिरलाच, तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचणं अवघड जाईल. त्याच्या खात्याचा पासवर्ड वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत आणखी एक खूण, जसा फोनवरचा कोड) सुरू करा. दुसरीकडे फुटलेला पासवर्ड इथे चालवून पाहणं ही हल्लेखोरांची जुनी खोड. ठरावीक वेळापत्रक लावलंत तर अ‍ॅपला फोनचं लोकेशन द्यायची गरजही सहसा पडत नाही. उपकरण विकताना फॅक्टरी रीसेट करा आणि खात्यातूनही काढा. हे दुसरं विसरायला फार सोपं आहे.