हरणांसाठी पेरायचंय? मग जुलैतच कामाला लागा

बाबांना फोनवर सांगितलं की यंदा पण हरणांसाठी पेरणार आहे, तर पहिलं मिनिटभर काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "आमी इथं रातभर जागल करून रोही हाकलून राह्यलो, अन् तू पैसे देऊन बोलावून राह्यला?" यवतमाळकडं तुरीत नाहीतर हरभऱ्यात रोही (नीलगाई) आणि रानडुकरं शिरली की सकाळी काय उरतं हे ज्यानं बघितलंय त्याला हे पटणं अवघडच आहे. मचाण तिकडं पण आहे आणि इकडं अमेरिकेत पण, फक्त तिकडं डबा वाजवायला बसायचं आणि इकडं खोकला आला तरी गिळायचा.

तर आपल्यातल्या ज्या मंडळींनी पेनसिल्व्हेनियात पाच-दहा एकर रान घेतलंय, हंटर-ट्रॅपरचा कोर्स करून शिकारीचं लायसन्स काढलंय आणि आता 'फूड प्लॉट (शिकारीसाठी हरणं यावीत म्हणून पेरलेला तुकडा) करायचाय, कुठलं बी घेऊ' असं विचारताय, त्यांच्यासाठी लिहितोय. तारखा मध्य पेनसिल्व्हेनियाच्या धरा. वर न्यूयॉर्क किंवा मिशिगनला असाल तर आठवडा-दहा दिवस अलीकडं या, खाली जॉर्जिया-अलाबामाला असाल तर तुमची शरदातली पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, तुम्हाला अजून निवांत वेळ आहे.

कुठलं बी, हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. पहिला प्रश्न सामू, म्हणजे मातीचा पीएच, आकडा जेवढा कमी तेवढी माती आंबट. मी पहिल्या वर्षी हेच उलटं केलं, दुकानातनं भल्यामोठ्या शिंगांच्या नराचा फोटो असलेली पिशवी आणली, आपलं ओळखीचं १९:१९:१९ खत टाकलं, पाऊस पण बरा झाला, आणि उगवलं काय तर पिवळं पडलेलं बोटभर काहीतरी, जे हरणांनी वास घेऊन सोडून दिलं. नंतर माती तपासली तर सामू ५.१. इकडच्या जंगल तोडून काढलेल्या जमिनी अशाच आंबट असतात, आणि एवढ्या आंबट मातीत खत टाकलं तरी पिकाला त्यातलं फार थोडं लागतं. क्लोव्हर (आपल्या बरसीमच्या जातीचा चारा) आणि मोहरीच्या कुळातल्या पिकांना ६ ते ७ च्या मधला सामू पाहिजे, ६.५ मिळाला तर सोनं.

म्हणून या शनिवारी प्लास्टिकची बादली घेऊन निघा (जस्ताचा मुलामा असलेली पत्र्याची नको, रिपोर्टमध्ये जस्त चुकीचं दिसतं). प्लॉटभर नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची सहा इंच खोलपर्यंतची माती घ्यायची, दगड-काड्या काढून मिसळायची, सावलीत वाळवायची आणि त्यातली वाटीभर पाठवायची. किट पेन स्टेट एक्स्टेन्शनच्या (विद्यापीठाची शेती-सल्ला सेवा) काउंटी ऑफिसात मिळतं. फॉर्मवर पीक कुठलं घेणार ते नक्की लिहा, त्यावरच चुना आणि खताचा आकडा येतो.

मला एकरी २ टन चुना सांगितला होता. प्लॉट अर्धा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे, म्हणजे १ टन, म्हणजे इकडचे २,००० पाऊंड, म्हणजे ४० पाऊंडाच्या ५० पिशव्या. त्या पन्नास पिशव्या मी आणि बायकोनं पिकअपमधनं उतरवून चढावर नेल्या त्या दिवशी संध्याकाळी ती मला म्हणाली की एवढ्या पैशात खाटकाकडनं वर्षभराचं मटण आलं असतं, आणि हिशोबानं ती बरोबरच होती. ज्यांच्या रानात ट्रक जाऊ शकतो त्यांनी सुटा शेतीचा चुना मागवा, खूप स्वस्त पडतो. चुना टाकल्या टाकल्या काम करत नाही, सहा महिने-वर्ष घेतो, मातीत मिसळला तर लवकर. म्हणजे यंदा सामू साडेपाचच्या खाली आला तर चुना आत्ता टाका पण क्लोव्हरचा हट्ट यंदा सोडा, राय (गव्हासारखं धान्य) पेरा, ते बिचारं आंबट जमिनीत पण येतं.

जागा निवडताना आपण शेतकऱ्याच्या डोक्यानं बघतो, सपाट, रस्त्याजवळ, ट्रॅक्टर वळेल अशी. शिकारीसाठी ती बहुतेक वेळा चुकीची. रस्त्यावरनं दिसणाऱ्या प्लॉटवर हरणं येतात पण अंधार पडल्यावर. झाडीत घुसलेली, लांबट, जराशी वाकडी पट्टी चांगली, म्हणजे एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसू नये, हरणाला बघायला आत यावंच लागतं. आणि तुम्ही मचाणापर्यंत कसे जाणार ते आधी ठरवा, मग पट्टी आखा. इकडं थंडी सुरू झाली की वारा जास्त करून पश्चिम-वायव्येकडनं, मग तुमचा वास हरणांकडं जाऊ नये म्हणून मचाण पूर्वेच्या अंगाला आणि तुमची पायवाट पण तिकडूनच. प्लॉट तुडवत मचाणाकडं जाणारे लोक नंतर म्हणतात हरणं येतच नाहीत. अहो, तुमच्या बुटाचा वास तिथं रात्रभर बसलेला असतो.

आडोसा पाहिजे असेल तर कडेनं ज्वारीच्या जातीचं उंच काहीतरी लावतात. पिशवीवर 'इजिप्शियन व्हीट' लिहिलेलं असतं, फसू नका, तो गहू नाही, ज्वारीचाच भाऊबंद आहे, माणसाच्या डोक्यावर जातो. पण त्याला उन्हाळ्याची सगळी ऊब लागते, त्यामुळं ते जूनच्या आत, आता पुढच्या वर्षी. अशी ओळखीची मंडळी इथं बरीच भेटतात. दक्षिणेत हरणांसाठी 'लॅबलॅब' लावतात, जॉर्जियातल्या मित्रानं फोटो पाठवला तर अगदी आपला वाल, 'काऊपी' म्हणजे चवळी, आणि 'सनहेम्प' म्हणजे चक्क ताग. तिकडं हिरवळीच्या खताला गाडतो ते इथं हरणाच्या ताटात.

लहान प्लॉटमध्ये सोयाबीन लावू नका, हे मी कळवळून सांगतोय. दुसऱ्या वर्षी मी लावलं, विदर्भातला माणूस, सोयाबीन येत नाही असं कसं होईल. पेरताना सुदैवानं एक जाळी ठोकली होती, चार फूट उंच तारेच्या जाळीचा गोल आणि दोन खुंट, एवढंच. जुलैअखेरीला गोलाच्या आत गुडघ्यापर्यंत हिरवंगार आणि बाहेर नुसत्या काड्या, एकीला पान नाही. दुर्बिणीतनं लांबून बघितलं असतं तर म्हटलं असतं उगवलंच नाही. कोवळं सोयाबीन कितीही असलं तरी हरणांना पुरत नाही, चार-पाच एकर असेल किंवा कुंपण असेल तरच ते. जाळीचा गोल मात्र प्रत्येक प्लॉटला ठोकाच, काय पेरलंय त्यानं फरक नाही पडत, खातायत किती हे त्याशिवाय कळत नाही.

अर्ध्या एकरासाठी माझं सरळ मत: निम्म्यात शलगम आणि रेप (दोन्ही मोहरीच्या कुळातली, रेप पाल्यासाठी), निम्म्यात राय किंवा गहू, सोबत थोडा ओट. शलगम-रेप जुलैच्या मध्यापासनं ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कारण त्याला वाढायला साठ ते नव्वद दिवस हवेत. एकटा शलगम असेल तर एकरी ४-५ पाऊंड बास. बी मोहरीसारखं बारीक, पिशवी हातात हलकी वाटते आणि माणूस म्हणतो टाका अजून थोडं, मग रोपांची दाटी होऊन गड्डा सुपारीएवढा राहतो. याला नत्र चांगलं लागतं, रिपोर्टात असेल तेवढं द्या. पानं सुरुवातीला हरणं फारशी खात नाहीत, फ्रॉस्ट पडला की त्यात साखर उतरते आणि मग तुटून पडतात, गड्डे तर बर्फ उकरून खातात. नवीन भागात पहिलं वर्ष तोंडच लावत नाहीत असंही होतं, चव कळायला वेळ लागतो. एकाच जागी लागोपाठ दोन वर्षांपेक्षा जास्त घेऊ नका, रोग बसतो, म्हणून पुढच्या वर्षी दोन्ही अर्ध्यांची अदलाबदल.

राय, गहू ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लक्षात ठेवायला सोपा. एकरी साधारण १०० पाऊंड. आणि इथं एक गोची आहे, राय म्हणजे धान्याचं राय, 'रायग्रास' नावाचं गवत नव्हे. स्वस्त मिक्सच्या पिशवीत रायग्रास सर्रास भरलेलं असतं, झटपट हिरवं दिसतं म्हणून गिऱ्हाईक खूष, आणि पुढं ते तण होऊन बसतं, काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून पिशवीवरचा नराचा फोटो सोडा आणि मागं शिवलेलं पांढरं लेबल वाचा, काय काय आहे, किती टक्के, उगवण किती, तणाचं बी किती. क्लोव्हरचं बी लेप दिलेलं असेल तर वजनाचा तिसरा हिस्सा लेपच असू शकतो, तेवढं जास्तीचं धरावं लागतं. लेप नसेल तर रायझोबियम (नत्र धरणारे जिवाणू) स्वतः चोळा, आपण हरभऱ्याला चोळतो तसंच, फक्त क्लोव्हरचं वेगळं येतं ते घ्या.

पेरणीच्या आधी दोन आठवडे तणनाशक मारून गवत मरू द्या, लेबलवरचं प्रमाण आणि ओढ्यापासनं किती लांब मारायचं ते वाचून. उतारावर रोटर फिरवू नका, एका वादळी पावसात वरची माती खाली जाते, तिथं नुसतं बी फोकून वरनं गवत कापून झाकलं तरी राय छान येतो. जिथं मशागत करताय तिथं जमीन रोलरनं दाबून घ्या, पायाचा ठसा अर्ध्या इंचापेक्षा जास्त उतरला तर अजून भुसभुशीत आहे. बारीक बी पाव इंचाच्या खाली गेलं की गेलं, ते फोकायचं आणि वरनं पुन्हा एकदा रोलर, बास. राय-गहू इंच-दीड इंच. वाफसा बघायचा आणि पुढं पाऊस असेल त्याच्या आदल्या दिवशी पेरायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

एवढं सगळं करून ऑक्टोबरात प्लॉट रिकामा दिसला तर घाबरू नका, वर बघा. व्हाइट ओकला फळ धरलं असेल तर हरणं तिकडं, त्या ओकची फळं कमी तुरट असतात आणि त्यापुढं आपल्या शलगमाची काय किंमत. त्या वर्षी तीरकामठ्याचा सीझन ओकाखाली काढा, थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) शनिवारी रायफलचा सीझन सुरू होतो तोवर फळं संपतात आणि मंडळी प्लॉटवर परत येतात.

कायद्याचं थोडक्यात. पेनसिल्व्हेनियात पेरून उभं असलेलं पीक चालतं, ओतलेला मका चालत नाही, ते आमिष, आणि सगळं उचलून साफ केल्यावरही ३० दिवस त्या जागी शिकार करता येत नाही. शेजाऱ्यानं ओतला असेल तरी तुम्ही अडचणीत, तेव्हा विचारून घ्या. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, दरवर्षी नवीन पुस्तिका वाचा. ढीग घालून खायला देण्यात अजून एक धोका, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांना झिजवून मारणारा रोग. तो इथं २०१२ मध्ये सापडला, लाळेतनं पसरतो, एका ढिगात दहा तोंडं म्हणजे आमंत्रणच. चुलतभावानं विचारलं आपल्याकडं चितळासाठी असं करता येईल का, तर नाही रे बाबा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं सरळ गुन्हा आहे, तू आपला जागल कर.

प्लॉटवरनं आलात की गुडघ्यामागं, काखेत, कमरपट्ट्याखाली गोचीड बघा, इथली खसखशीच्या दाण्याएवढी असते आणि 'लाइम' नावाचा आजार देते.

क्लोव्हर राहिला. तो मी रायच्या पट्ट्यातच फेब्रुवारीअखेर ते मार्चमध्ये टाकतो, एकरी ६-८ पाऊंड पांढरा. रात्री जमीन गोठते, दिवसा सुटते, त्या उघड-मीटमध्ये बी आपोआप आत जातं, नांगर नको, रोलर नको. सकाळी लवकर जायचं, माती पायाखाली कडकड वाजत असताना, गळ्यात हातानं फिरवायचा स्प्रेडर अडकवून आणि चिखल व्हायच्या आत घरी.