पेट्यांच्या हिशेबाचा लॅपटॉप

देवगडात मृगाचा पाऊस लागला की आंब्याची धावपळ संपते आणि माझं लक्ष जुन्या लॅपटॉपकडे जातं. 2015 चा, पाचव्या पिढीचा आय-थ्री, 4 जीबी रॅम. सुरू होईपर्यंत चहा पिऊन होई. "ह्यो डबो घाला आता भंगारात," असं घरातून फर्मानही सुटलं होतं.

विंडोज 10 चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवला. विंडोज 11 अधिकृतपणे चालवायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घातली, त्यातली एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती. पण हिशेबाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालत असेल तर या वाटेला जाऊ नका.

हार्डडिस्क जुनी, फिरणारी असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. खरा फरक तिचाच.

मग बॅकअप, आणि इथे घाई नको. मागे पुतण्याने "काका, सगळं डी ड्राइव्हवर आहे ना?" विचारलं, मी मान डोलावली, त्याने सी फॉरमॅट मारला. दोन हंगामांच्या पेट्यांचे हिशेब डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हा डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं दोन ठिकाणी ठेवा आणि दुसऱ्या मशीनवर एखाद-दुसरी फाइल उघडून बघा.

मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलची सगळी सामग्री असलेली एकच फाइल) उतरवून रूफस या छोट्या सॉफ्टवेअरने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं. लॅपटॉप चालू करताना डेल किंवा लेनोव्होवर बहुधा एफ-12, एचपीवर एफ-9 दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट इन्स्टॉल न करताही चालतं. वायफाय, आवाज, कीबोर्ड तिथेच तपासा. पेनड्राइव्हवरून संथ चालणारच, त्यावरून मत बनवू नका.

सगळं जमलं तरच इन्स्टॉल करा. 'इरेज डिस्क' निवडलंत की जुनं परत येत नाही. पावसात आमची लाईट कधीही जाते आणि माझी बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, म्हणून मी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवर बसून केलं. अर्ध्या तासात झालं.

नंतर अपडेट मॅनेजर चालवा आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडा. माझ्या एक्सेलच्या फाइली मिंटसोबत येणाऱ्या लिबरऑफिसमध्ये सरळ उघडल्या. मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेल्या मात्र आधी तपासून घ्या.