कागदावर जुळणाऱ्या, बांगड्यांत न जुळणाऱ्या तीन कड्या

त्रैक्य रविवार, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या ख्रिस्ती श्रद्धेचा सण, जवळ आला की संडे स्कूलच्या फळ्यावर तीन कड्या हमखास येतात. बहुतेक ठिकाणी त्या साखळीसारख्या काढतात आणि तिथेच गंमत जाते. मूळ आकृतीत कुठल्याही दोन कड्या एकमेकींत अडकलेल्या नसतात. तिसरी आहे म्हणून तिन्ही सुटत नाहीत. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावरून गणितात यांना बोरोमियन कड्या म्हणतात. फ्रान्समधल्या शार्त्र इथल्या तेराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात त्या पवित्र त्रैक्यासाठी काढल्या होत्या, मधोमध ‘उनितास’, म्हणजे एकत्व, असं लिहून. ते हस्तलिखित १९४४ साली आगीत गेलं.

सामान पुण्यात अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं: २२ × २८ इंची पांढरं कार्डशीट, जाड पुठ्ठा, ड्रॉइंग पिना, मास्किंग टेप, तीन रंगांचे स्केचपेन. शीटखाली घालायला थर्माकोलचा तुकडा लागेल. तुळशीबागेतून एकाच मापाच्या तीन प्लास्टिकच्या बांगड्या घ्या, २-८ चालतील. काचेच्या नकोत, मुलं ओढाताण करणारच.

कंपासपेटीतलं कर्कटक इथे पुरत नाही, कारण त्रिज्या घ्यायची आहे १५.३ सेंमी. दोरा वापरू नका. तो ताणला जातो आणि वर्तुळ सुरुवातीच्या जागी येऊन मिळत नाही. त्यापेक्षा पुठ्ठ्याची २० सेंमी लांब पट्टी कापा. एका टोकाला पिनेचं भोक, तिथून १४.७, १५.३ आणि १५.९ सेंमीवर पेन्सिलीची भोकं. भोक पेन्सिलीच्या टोकाइतकंच हवं. सैल झालं की रेघ दुहेरी येते.

शीट उभं धरा. खालच्या कडेपासून २० सेंमीवर आडवी रेघ मारा आणि डाव्या कडेपासून २०.३ आणि ३५.६ सेंमीवर दोन खुणा करा. ही दोन केंद्रं. खुणांवर आधी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, नाहीतर पिनेचं भोक प्रत्येक फेरीला रुंदावत जातं. दोन्ही केंद्रांवरून मधल्या भोकाने वर्तुळं काढा. ती वर जिथे छेदतात तेच तिसरं केंद्र. ते मोजून काढायला जाऊ नका, छेदनबिंदूवरच पिन टोचा. काम नीट झालं असेल तर तिसरं वर्तुळ खालच्या दोन्ही पिनांच्या भोकांतून जाईल. नाही गेलं तर पिन हलली आहे; पुढे जाण्यात अर्थ नाही, खोडून पुन्हा काढा.

आता खालच्या दोन वर्तुळांमध्ये जो उभा, दोन्हीकडे टोकदार आकार तयार झाला तो पाहा. युरोपातल्या मध्ययुगीन चित्रांत सिंहासनावरच्या ख्रिस्ताभोवती हीच चौकट असते, आणि लॅटिनमध्ये तिला माशाचं नाव आहे: वेसिका पिस्किस. खालचा अर्धा भाग झाकून वरचा उरू दिला, तर तीच टोकदार कमान. कॅम्पातल्या सेंट पॉल्स चर्चसारख्या गॉथिक वळणाच्या इमारतीसमोर मुलांना उभं करून कमानीची रुंदी आणि कमान सुरू होते तिथपासूनची उंची फोटोवर मोजायला लावा. उंची भागिले रुंदी ०.८७ च्या जवळ आली तर कमान याच रीतीने आखलेली आहे.

माशाची उंची पट्टीने मोजा. २६.५ सेंमी भरेल. रुंदी १५.३. म्हणजे २६५ भागिले १५३, आणि हा अपूर्णांक तीनच्या वर्गमुळासाठी आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात वापरला होता. नेमकी उंची एवढ्यापेक्षा मिलिमीटरच्या हजार भागांतले चार भाग जास्त आहे. पेन्सिलीच्या रेघेत ते कधीच बुडतं.

१५३ चा धागा इथे जोडता येतो. बायबलमधल्या योहानकृत शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायात पुनरुत्थानानंतर पेत्र जाळं किनाऱ्याला ओढतो, त्यात मोठे १५३ मासे असतात आणि जाळं फाटत नाही. १ ते १७ ची बेरीज १५३. संत ऑगस्टिनने या १७ ची फोड दहा आज्ञा आणि आत्म्याची सात दानं अशी केली. मुलांना दाखवायचं तर ए-३ कागदावर टिकल्यांचा त्रिकोण करा. खालून १७ ची ओळ आधी लावा, टिकल्यांत २ सेंमी अंतर, दोन ओळींत १.७ सेंमी. वरून सुरुवात केली की शेवटच्या ओळी कागदाबाहेर जातात.

मात्र इथेच लगाम घाला. बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला, श्वापदाचा आकडा ६६६ सुद्धा त्रिकोणीच आहे, १ ते ३६ ची बेरीज. त्रिकोणी म्हणून पवित्र, असं एकदा सांगितलंत तर पुढच्या रविवारी एखादं हुशार पोर हे काढून दाखवणारच. योहानाच्या मनात आर्किमिडीज होता असंही सांगू नका. तसं मजकुरात कुठेही नाही.

परत कड्यांकडे. उरलेल्या दोन भोकांनी प्रत्येक वर्तुळाला आतली आणि बाहेरची रेघ काढा, १.२ सेंमीचा पट्टा होईल. वरखाली करायचा नियम एकच: लाल हिरवीवरून, हिरवी निळीवरून, निळी लालवरून. प्रत्येक जोडी दोनदा छेदते आणि दोन्ही ठिकाणी हाच नियम. एका जागी जरी उलटं झालं तर दोन कड्या थेट अडकतात आणि त्रैक्याऐवजी साखळी होते. खालून जाणाऱ्या पट्ट्याच्या रेघा वरच्याच्या अलीकडे २ मिमी थांबवा. या फटीमुळेच डोळा ‘ही मागून गेली’ असं मानतो. फट ५ मिमी झाली की कडी तुटलेली दिसते, अजिबात नसली की जाळी.

मग बांगड्या हातात द्या आणि म्हणा, करा आता. एक बांगडी कापून पुन्हा जोडायची मुभा दिली तरी होणार नाही. लाल हिरवीवर, हिरवी निळीवर ठेवली की निळीला लालवर चढायला वाकावंच लागतं, आणि सपाट गोल वाकत नाही. तीन अगदी गोल कड्यांची अशी गुंफण अशक्य आहे हे फ्रीडमन आणि स्कोरा या गणितज्ञांनी १९८७ मध्ये सिद्ध केलं. आपण कर्कटकाच्या शिस्तीत काढलेलं चित्र म्हणजे डोळ्याला पटलेली, हाताला न जमणारी वस्तू.

लांबट चौकटींत मात्र ती जमते. पुठ्ठ्याच्या तीन चौकटी कापा: बाहेरून १६ × १० सेंमी, पट्टी दीड सेंमीची, म्हणजे आतली खिडकी १३ × ७. पहिली चौकट दुसरीच्या खिडकीतून काटकोनात अर्धी सरकवा, पहिलीची १० सेंमीची बाजू दुसरीच्या १३ च्या दिशेने. तिसरीची एक लांब बाजू कापा, ती पहिलीच्या खिडकीतून घाला, दुसरीला बाहेरून वेढू द्या आणि काप टेपने जोडा. पट्टी दोन सेंमीची घेतलीत तर खिडकी १२ × ६ ची होऊन चौकटी घासतात, आणि टेप लावताना तिसरी पिळते. जोडल्यावर कुठलीही एक कापा, उरलेल्या दोन आपोआप सुट्या होतील.