स्वतःची निधनवार्ता कशी लिहावी

सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातील निधनवार्ता आधी वाचण्याची सवय पुण्यात अनेक घरांत असते, आणि त्या वाचताना बहुतेकांची नजर नकळत एकच आकडा शोधत असते, तो म्हणजे वय. वय आपल्यापेक्षा बरेच जास्त असेल तर मन निर्धास्त होते आणि कमी असेल तर ‘काहीतरी आजार असणार’ असे म्हणून पान उलटले जाते. दोन सेकंदांत उरकणारा हा हिशेब आपली जाणीव मृत्यूशी कशी वागते याचा उत्तम नमुना आहे. तिला मृत्यू ठाऊक असतो, पण तो सदैव दुसऱ्याच्या नावापुढे छापलेला असतो. तो एकदा स्वतःच्या नावापुढे लिहून पाहावा आणि लिहिताना आपले मन काय काय करते ते टिपावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

यासाठी कोरा कागद, पेन आणि साधारण पाऊण तास पुरतो. मोबाइलवर लिहू नये, कारण तेथे खोडलेले दिसत नाही आणि या कामात खोडलेलेच अधिक महत्त्वाचे असते. वेळ दिवसाची असावी. रात्री अंथरुणावर हा उद्योग करू नये. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, किंवा ज्याला सध्या जगणेच नकोसे वाटत आहे, त्याने हा सराव करूच नये. दुसऱ्या परिस्थितीत तर आधी डॉक्टरांशी किंवा जवळच्या माणसाशी बोलावे. इतरांनी वर्तमानपत्रातला ठरलेला साचाच वापरावा: अमुक पेठेतील रहिवासी श्री. किंवा श्रीमती अमुक यांचे अमुक तारखेला, वयाच्या अमुक वर्षी, अमुक कारणाने निधन झाले. त्यांच्या मागे अमुक परिवार आहे.

कोथरूडमधील ज्येष्ठांच्या एका गटाकडून मी हा सराव अनेकदा करून घेतला आहे. नाव, पत्ता आणि परिवार सगळे झरझर लिहितात. सुना, जावई, नातवंडे आणि पणतवंडे यांचा क्रम लावताना खोलीत हसणेही चालू असते. तारखेपाशी मात्र पेन थांबते. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी आयुष्यभर हजारो कागदांवर तारखा घातल्या असतील. त्यांनी महिना लिहिला, दिवस लिहिला आणि वर्षाच्या जागी चार ठिपके काढले. एका बाईंनी वयाच्या रकान्यात आधी ८६ लिहिले, ते खोडून ९४ केले, आणि कागद मला दाखवताना ९४ वर अंगठा ठेवला. कारणाच्या जागी जवळपास प्रत्येकाने ‘वृद्धापकाळाने’ असेच लिहिले होते. कर्करोग, पडणे किंवा महिनाभराचा अतिदक्षता विभाग कोणाच्याही वाट्याला आला नव्हता. आपणही हे करून झाल्यावर प्रथम खाडाखोड कुठे झाली आहे ते पाहावे आणि त्या जागांभोवती गोल काढावेत. आपले मन कुठे अडते, याचा तो नकाशाच असतो.

आता कागद बाजूला ठेवून स्वतःची अंत्ययात्रा डोळ्यांसमोर आणावी. कोण आले आहे, कोण रडते आहे, कोणाला यायला उशीर झाला, एवढे चित्र सहज उभे राहते. मग एकच प्रश्न विचारावा: हे सर्व पाहणारे आपण नेमके कुठे उभे आहोत? बहुधा वैकुंठ स्मशानभूमीतल्या एखाद्या झाडाखाली, जिवंत आणि किंचित दुखावलेले, अमका का आला नाही याची नोंद घेत. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१५ मध्ये हीच अडचण मांडली होती: स्वतःच्या मृत्यूची कल्पना करू गेले की आपण प्रेक्षक म्हणून तेथे शिल्लकच राहतो. हा भित्रेपणा नव्हे. कल्पना करणारी जाणीव स्वतःला चित्रातून वजा करू शकत नाही, कारण वजाबाकी करायलाही तीच लागते. गाढ झोपेचा दाखला येथे कामाला येत नाही, कारण झोप लागली होती हे आपल्याला जागे झाल्यावर कळते. म्हणून ‘काहीच नसणे’ डोळ्यांसमोर आणण्याचा हट्ट धरू नये. त्यातून केवळ छातीत धडधड होते आणि हाती काही लागत नाही. झाडाखालच्या त्या माणसाला ओळखणे आणि तो दिसला की ‘हा आलाच’ एवढे मनाशी म्हणणे पुरेसे आहे.

दुसऱ्याच्या मृत्यूतही हीच जाणीव आपले काम चालू ठेवते. ओंकारेश्वराच्या घाटावर दशक्रियेच्या सकाळी जे घडते ते या दृष्टीने पाहण्यासारखे असते. पिंड मांडलेला असतो, कावळे कठड्यावर बसलेले असतात आणि त्यांतला एकही पुढे येत नाही. पाच मिनिटे जातात, दहा जातात. मग कोणीतरी काका हात जोडून पुढे होतात आणि मोठ्याने सांगतात, ‘धाकटीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ तेथे उभे असलेल्यांत माझ्यासारखे, या सगळ्यावर विश्वास नाही असे घरी ठणकावून सांगणारेही असतात, आणि कावळा उडाला की मान सर्वांत आधी त्यांची वळते. गेलेल्या माणसाला आता भूक नाही हे सर्वांना मान्य असते; त्याची इच्छा मात्र अजून आहे, असे धरूनच सगळे उभे असतात.

यात केवळ संस्काराचा भाग नाही. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लहान मुलांना बाहुल्यांच्या खेळात मगरीने उंदराला खाल्ल्याचे दाखवले आणि नंतर प्रश्न विचारले. उंदीर आता खाणार-पिणार नाही, हे बऱ्याच मुलांनी सांगितले. पण त्याला आई अजून आवडते का, यासारख्या प्रश्नांना ‘हो’ म्हणणारी मुले बरीच अधिक होती. शरीर थांबले हे समजणे सोपे जाते. मन थांबले हे समजायला दुसरे मन वापरावे लागते, आणि तेथेच घोटाळा होतो. माझे वडील गेले त्या दिवशी अंत्यसंस्काराचा पास काढताना खिडकीतल्या कारकुनाने मयताचे वय विचारले आणि मी उत्तर दिले, ‘पुढच्या महिन्यात एक्याऐंशी पूर्ण होतील.’ त्यांनी काहीही न बोलता ८० लिहिले. आपल्या घरातील गेलेल्या व्यक्तीबद्दल आपण कोणती वाक्ये अजून वर्तमानकाळात बोलतो, ती आठवून त्याच कागदाच्या मागे लिहावीत. ती दुरुस्त करण्याची गरज नाही.

त्यानंतर भाषेकडे वळावे. मराठीत माणूस मरत नाही. तो जातो, वारतो, त्याला देवाज्ञा होते. निघताना ‘जातो’ म्हणायचे नाही, ‘येतो’ म्हणायचे. बांगडी फुटत नाही, वाढवते. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. आणि पुण्याने तर नवी पेठेतल्या स्मशानभूमीला थेट वैकुंठच म्हटले आहे. ही भाषा सुंदर आहे आणि सांत्वनाला गेल्यावर तीच वापरावी. मात्र स्वतःशी विचार करताना आठवडाभर एक शिस्त पाळावी: ‘माझे काही बरेवाईट झाले तर’ या वाक्यातले ‘तर’ काढून तेथे ‘मी मरेन तेव्हा’ असे म्हणावे. ‘तर’ आणि ‘तेव्हा’ यांत केवढे अंतर आहे, ते विम्याचे कागद चाळताना लक्षात येते.

मेंदू या बाबतीत आपल्याला किती सांभाळून घेतो याचा एक पुरावा इस्राएलमधील बार-इलान विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. पडद्यावर चेहरे आणि त्यांच्यासोबत काही शब्द दाखवले जात होते. अपेक्षेबाहेरचा चेहरा आला की मेंदूत एरवी आश्चर्याची ठरावीक खूण उमटते, परंतु स्वतःचा चेहरा मृत्यूविषयक शब्दांसोबत दाखवला की ती उमटेनाशी झाली. जणू त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडण्याचेच मेंदूने नाकारले. म्हणून ‘मी मृत्यूला मुळीच घाबरत नाही’ असे सहज म्हणणाऱ्याच्या, विशेषतः स्वतःच्या, शब्दावर फार विसंबू नये.

मृत्यूची आठवण जागी असताना आपण नियमांना आणि आपल्या माणसांना अधिक घट्ट धरतो, असेही एक मत आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतःच्या मृत्यूबद्दल आधी लिहायला लावलेल्या अमेरिकी न्यायाधीशांनी वेश्याव्यवसायाच्या एका काल्पनिक प्रकरणात जामिनाची रक्कम सरासरी ४५५ डॉलर ठरवली. इतरांची सरासरी ५० डॉलर होती. अशा परिणामांबद्दल आता शंकाही घेतली जाते, कारण याच सिद्धांताचा दुसरा एक प्रयोग पुढे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा केला तेव्हा परिणाम दिसला नाही. तरी तेराव्याच्या आत घराची वाटणी, कोणाशी कायमचा अबोला किंवा मोठी देणगी ठरवू नये, हे जुन्या माणसांचे सांगणे मला पटते.

शेवटी त्याच कागदाकडे परत यावे आणि ‘वृद्धापकाळाने’ या शब्दाखाली रेघ मारावी. तो शब्द खरा ठरला नाही तर काय करायचे, हे लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क आणि वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. अठरा वर्षांवरील सुजाण व्यक्तीने, बरे होण्याची आशा नसताना कोणते उपचार नकोत, हे स्पष्ट लिहावे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या जवळच्या व्यक्तींची नावे द्यावीत. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यावे. विचार बदलला तर ते लेखी रद्द करता येते. प्रत्यक्ष वेळ आली की रुग्णालयातील दोन वैद्यकीय मंडळे त्याची शहानिशा करतात, आणि प्राण घेणारे इंजेक्शन देण्याची मुभा यात नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

मसुदा लिहितानाही झाडाखालचा माणूस येतो आणि ‘मुलांना त्रास होईल असे काही करू नये’ यासारखी मोघम वाक्ये सुचवतो. त्याऐवजी कृत्रिम श्वसनयंत्र, नळीने अन्न आणि डायलिसिस यांविषयी फॅमिली डॉक्टरांसमोर बसून एकेक ओळ लिहावी. सही झालेली प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये, कारण ती लागेल ती वेळ बहुधा रात्रीची असेल. एक प्रत डॉक्टरांकडे, एक नाव दिलेल्या व्यक्तींकडे आणि एक महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. आपली प्रत औषधांच्या फाइलमध्ये, सर्वांत वर ठेवावी.